टपावरचा घडीचा लाइट बार: बसवण्याआधी, बसवताना आणि बसवल्यावर

सुरतेतल्या गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांचं गावाकडे जाणं-येणं वर्षभर चालूच असतं. आखाजी आली, कानबाई आली, की काम सुटल्यावर रात्रीच गाडी काढायची आणि बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूर गाठायचं. पुढे कुणी कोंडाईबारीच्या घाटानं धुळ्याकडे जातो, कुणी चरणमाळ घाटानं पिंपळनेरकडे, कुणी नंदुरबारकडे. अलीकडे या घरांतून थार, जिमनी, बोलेरो, गुरखा अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यासोबत टपावर लाइट बार बसवण्याची हौसही आली. त्यातही मोटरवर वर उठणारा आणि बटण दाबताच खाली झोपणारा घडीचा बार अनेकांना हवा असतो. त्याबद्दल वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात:

- बार घडी करून ठेवला तर दंड होत नाही ना?
- गाडी एमएच पासिंगची आणि राहणं सुरतेत, तर परवानगी कुणाची घ्यायची?
- घाटातल्या धुक्यात याचा उपयोग होतो का?
- वायर का तापते, बॅटरी का उतरते, टपातून पाणी का गळतं?

सगळ्याचं थोडक्यात उत्तर आधीच देतो. रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीच्या टपावर पुढे झोत टाकणारा बार कायमचा बसवू नका. शेतासाठी किंवा खासगी जमिनीवर गाडी चालवण्यासाठी उजेड हवा असेल तर सहज काढता येणारा बार घ्या. मोटरचा घडीचा बारच हवा असेल तर आधी लेखी मंजुरी, मग खरेदी. हाच क्रम ठेवा.

आधी ठरवा: उजेड कशासाठी हवा आहे?

- महामार्ग आणि घाटासाठी: टपावरचा बार इथे पेटवायचाच नसतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो गाडी नेमकी तुमच्याच अंगावर आणू शकतो. आधी हेडलाइटकडे पाहा. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या किंवा बदला. गाडीत माणसं आणि सामान भरलं की पुढचा भाग उचलला जातो आणि झोत वर जातो, तेव्हा लेव्हलरनं तो खाली घ्या. एच४ बल्ब असेल तर ६०/५५ वॅटचा चांगला बल्ब लावा. निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटतात.
- धुक्यासाठी: पावसाळ्यात सापुताऱ्याला किंवा चरणमाळला जाणारे बहुतेक जण याच कारणासाठी बार मागतात, आणि धुक्यात तोच सर्वांत निरुपयोगी ठरतो. वरून येणारा प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटून थेट तुमच्या डोळ्यांत येतो. धुक्यात दिवा जितका खाली तितका चांगला. कंपनीनं दिलेले बंपरमधले फॉग लॅम्प आणि हेडलाइटचा लो बीम वापरा, वेग कमी करा.
- शेत, खळं, बोअरवेल, मुक्कामाच्या जागी: इथे बार खरोखर कामाचा आहे. पसरट प्रकाशाचा, म्हणजे फ्लड प्रकारचा घ्या. १०० ते १२० वॅट पुरतात.
- खासगी जमिनीवरच्या ऑफ-रोड ट्रॅकसाठी: मधे लांब झोत आणि दोन्ही बाजूंना पसरट, असा काँबो प्रकार घ्या.

तुमची गरज पहिल्या दोनपैकी असेल तर पैसे हेडलाइटवर खर्च करा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत. नवापूरची हद्द ओलांडली म्हणून नियम बदलत नाही.

- नियम १११ (केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९): गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीनंच तो बसवता येतो.
- नियम १०६: पुढे प्रकाश टाकणाऱ्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. टपावरचा बार मुळात या उंचीच्या वर असतो, त्यामुळे ही अट पाळणं जवळपास अशक्य.
- कलम ५२ (मोटार वाहन कायदा, १९८८): उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम असंच कडकपणे वाचलं.
- कलम १८२अ (४): परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली.

काही बारमध्ये लाल-निळं लुकलुकणारं सेटिंग असतं. असा बार घेऊच नका. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा बीकन उतरले आहेत.

घडी केली की सुटका होते का?

नाही. नियम १११ दिवा बसवण्यालाच मनाई करतो. तो पेटलेला होता की विझलेला, उभा होता की झोपलेला, यावर मनाई अवलंबून नाही. घडीमुळे फायदे होतात ते वेगळे: वाऱ्याचा आवाज कमी होतो, खालच्या पार्किंगमध्ये बार छताला घासत नाही, झाडाच्या फांद्या अडकत नाहीत. हे फायदे खरे आहेत, पण ते परवानगीची जागा घेत नाहीत. दुकानदार म्हणतो, "घडी आहे ना, काही होत नाही." त्याला हे वाक्य बिलावर लिहून द्यायला सांगा. लिहून देणार नसेल तर त्यावर विसंबू नका.

कापडी आवरण घालून बार झाकणं हेही परवानगीला पर्याय नाही.

परवानगी कुणाची आणि कशी?

परवानगी देतो तो नोंदणी प्राधिकारी, म्हणजे जिथे तुमच्या गाडीची नोंद आहे ते आरटीओ. जीजे-०५ गाडीसाठी सुरत. एमएच-१८ साठी धुळे, एमएच-१९ साठी जळगाव, एमएच-३९ साठी नंदुरबार.

एमएच पासिंगची गाडी घेऊन गोडादऱ्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. ते काम राहिलं असेल तर आधी ते करा, कारण बारच्या अर्जावेळी हा प्रश्न निघणारच.

अर्ज साधा आणि लेखी द्या. सुरतेत गुजराती किंवा इंग्रजीत लिहिलेला सोयीचा. त्यात असावं:

1. गाडीचा क्रमांक, आरसीची प्रत, विम्याची प्रत.
2. कारण. "शेतात रात्री काम", "खाणीच्या खासगी रस्त्यावर वापर" असं नेमकं लिहा. हौस हे अपवादात्मक कारण ठरत नाही.
3. बारची लांबी, वॅट, वजन, बसवण्याच्या जागेचा फोटो.
4. सार्वजनिक रस्त्यावर बार बंद आणि घडी राहील, आणि घडीत असताना तो पेटूच शकणार नाही अशी वायरिंग असेल, अशी हमी.

अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली अर्जाची स्थिती विचारता येते, आणि त्याचं उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. मंजुरी मिळाली तर तिची प्रत गाडीत ठेवा. मिळाली नाही तर पुढचा पर्याय निवडा.

तीन पर्याय, तीन परिणाम

- काढता येणारा बार: ब्रॅकेट हातानं फिरवायच्या नॉबवर, वायरला पाणी न शिरणारा प्लग. शेतावर पोचल्यावर लावायचा, निघताना काढून डिकीत ठेवायचा. बहुतेकांसाठी हाच योग्य.
- बॅटरीवरचा सुटा वर्क लॅम्प: गाडीला हातही लागत नाही. मुक्काम, पंक्चर, बोअरवेलसाठी पुरेसा.
- मोटरचा घडीचा बार: सर्वांत सोयीचा, सर्वांत महाग, आणि मंजुरीशिवाय सर्वांत अडचणीचा.

पुढचा भाग मंजुरी हाती असलेल्यांसाठी, आणि केवळ खासगी जमिनीवर राहणारी गाडी तयार करणाऱ्यांसाठी आहे. वायरिंगचे नियम मात्र काढता येणाऱ्या बारलाही तसेच लागू.

यंत्रणा घेताना काय पाहायचं?

घडीच्या बारमध्ये १२ व्होल्टची मोटर एक दांडा पुढे-मागे सरकवते आणि बिजागरीवरचा बार उठतो किंवा झोपतो. विकत घेताना हे विचारा:

- दांड्याच्या दोन्ही टोकांना मोटर आपोआप थांबवणारे लिमिट स्विच आत आहेत का? नसतील तर बटण दाबून ठेवल्यावर मोटर जळते.
- वीज गेली तरी दांडा जागेवर राहतो का? सोबत लोखंडी खटका किंवा पिन आहे का? खडबडीत रस्त्यावर भार नुसत्या मोटरवर सोडू नका.
- मोटर बंद पडली तर हातानं बार खाली घेता येतो का?
- मोटर आणि बार पाण्यापासून किती सुरक्षित? आयपी ६७ किंवा त्याहून वरचा दर्जा मागा.
- सुटी मोटर नंतर मिळते का?

वाऱ्याचा हिशेब साधा आहे. ५० इंची बार उभा ठेवून ताशी १०० किलोमीटरनं गेलात तर त्यावर साधारण पाच-सहा किलोंचा रेटा येतो. आकडा छोटा वाटतो, पण तो सतत थरथरत येतो आणि बोल्ट सैल करतो. म्हणून बार उभा असताना गाडी हळूच चालवायची.

तुमच्या गाडीचा टप कोणता?

- कापडी टपाची थार: टपावर काहीही बसवू नका. आधार काचेच्या चौकटीच्या लोखंडी भागातच हवा.
- हार्डटॉप थार: टप मोल्डेड फायबरचा आहे. त्यात स्क्रू मारून वजन टांगलं तर भोकाभोवती तडे जातात.
- जिमनी: टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ आहे. त्याला चिमट्यासारखे पकडणारे ब्रॅकेट मिळतात, भोक पाडावं लागत नाही.
- लोखंडी टपाच्या इतर गाड्या: रूफ रेल किंवा पन्हळीचाच आधार घ्या. भोक पाडलंत तर सुरतेच्या दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

कडेला असलेल्या पडदा एअरबॅगची वायर काचेच्या बाजूच्या खांबातून, म्हणजे ए-पिलरमधून जाते. त्या खांबात बारची वायर कोंबू देऊ नका.

वायरिंग: इथेच सगळं बिघडतं

वॅटला १२ नं भागलं की अँपिअर मिळतात. १२० वॅटला १०, २४० वॅटला २०. बॅटरीपासून टपापर्यंत ५ मीटर वायर धरली तर जाण्या-येण्याची १० मीटर होते. २० अँपिअरला तांब्याच्या वायरमध्ये इतके व्होल्ट वाटेतच जातात:

- २.५ चौरस मिमी वायर: १.४ व्होल्ट
- ४ चौरस मिमी: ०.९ व्होल्ट
- ६ चौरस मिमी: ०.६ व्होल्ट

वाटेत गेलेली वीज म्हणजे वायरची उष्णता. २४० वॅटसाठी ६ चौरस मिमीची वायर घ्या, १२० वॅटसाठी ४ ची. बारसोबत येणारा हार्नेस बहुधा बारीक असतो. तो कापून पाहा, आत तांबं किती आहे ते लगेच कळतं.

बसवण्याचा क्रम असा ठेवा:

1. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.
2. पॉझिटिव्हपासून हातभराच्या आत फ्यूज बसवा. २४० वॅटला २५ ते ३० अँपिअर, १२० वॅटला १५. मोटरचा फ्यूज वेगळा, तिच्या लेबलवरच्या आकड्यानुसार.
3. बारसाठी ४० अँपिअरचा रिले घ्या. ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला बार, ८५ आणि ८६ स्विचच्या बाजूला.
4. रिलेला हुकूम देणारी तार इग्निशनमधून घ्या. चावी काढली की बार बंद झाला पाहिजे.
5. त्याच तारेत बिजागरीजवळ एक मायक्रोस्विच घाला. बार पूर्ण उठल्यावरच तो जोडला जाईल. घडीत पेटलेला बार टपाचा रंग भाजतो, आणि आरटीओला दिलेली हमीही याच स्विचनं पाळली जाते.
6. मोटरचं बटण दाबून धरायचं असावं. सोडलं की बार जागीच थांबावा. बिजागरीत बोट सापडलं तर हेच बटण वाचवतं.
7. अर्थ टपावरच्या बोल्टला देऊ नका. बिजागरीतून २० अँपिअर वाहू लागले की ती तापते आणि गंजते. निगेटिव्हची वेगळी तार खाली आणा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असेल तर तार सेन्सरच्या पुढे, चेसिसच्या बाजूला जोडा.
8. बिजागरीजवळ वायरला सैल वळसा ठेवा आणि बारीक तारांची लवचीक वायर वापरा. प्रत्येक उघडझापीत ती वाकते. ताठ वायर आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते.
9. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे पन्हळी नळी.
10. रिले आणि मोटरचा बॉक्स बॉनेटमध्ये उंचावर बसवा. खाडीचं पाणी चढतं तेव्हा लिंबायत-पर्वत पाटिया पट्ट्यात गाड्यांच्या तळापर्यंत पाणी येतं. पायाशी बसवलेला रिले तेव्हा सर्वांत आधी जातो.

काम झालं की गॅरेजमध्येच तपासणी करून घ्या. इंजिन चालू, बार पेटलेला, मल्टिमीटरनं आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग बारच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजायला सांगा. फरक १ व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. दहा मिनिटं पेटवून प्रत्येक जोडावर हात ठेवा. जो जोड चटका देतो तो परत करून घ्या. मग होजपाइपनं टपावर पाणी मारा आणि आतली कापडं चाचपा.

हमखास होणाऱ्या चुका

- बारची तार सरळ हेडलाइटच्या वायरला जोडणं. कंपनीची वायर इतका भार घेत नाही.
- इंजिन बंद ठेवून बार चालू ठेवणं. २० अँपिअर तासभर म्हणजे ६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.
- फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं. मग वायर हीच फ्यूज होते, आणि आग तिथेच लागते.
- बार पुढच्या बुल बारवर हलवणं. बुल बारच बेकायदा आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तसं कळवलं आहे.
- डांगच्या जंगलात, पूर्णा अभयारण्याच्या वाटेवर रात्री झोत टाकत फिरणं. प्राणी बिथरतात, आणि वनखात्याचा शिकारीचा संशय तुमच्यावर येतो.

विमा आणि वॉरंटी

बसवण्याआधी विमा कंपनीला ई-मेलनं कळवा आणि उत्तर जपून ठेवा. कंपनीच्या मूळ किमतीत नसलेल्या विजेच्या जोडसामानासाठी पॉलिसीत आयएमटी २४ ही जोड घेता येते. जुन्या दरपत्रकात तिचा हप्ता सामानाच्या किमतीच्या ४ टक्के आहे. न कळवता बसवलेल्या बारमुळे वायरिंगला आग लागली तर दावा अडकतो. बेकायदा जोडसामान असेल तर हप्ता भरूनही वाद होऊ शकतो, म्हणून मंजुरीची प्रत विम्याच्या कागदांसोबतच ठेवा.

वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली तर विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाते. सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, आणि गॅरेजवाल्याला मूळ हार्नेसला हात न लावण्याची अट घाला.

तुमचे हक्क

*दुकानदाराकडे:*

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर बारचं मॉडेल, वॅट आणि फिटिंगचे पैसे वेगळे लिहून घ्या.
- माल सदोष निघाला किंवा फिटिंगमुळे नुकसान झालं तर आधी लेखी नोटीस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.

*रस्त्यावर अडवल्यास:*

- डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत.
- बारसाठी मंजुरी असेल तर प्रत दाखवा. नसेल तर हुज्जत घालू नका, बार उतरवा.
- पैसे चलनावरच भरा. चलनात कलम कोणतं लावलं ते वाचा. मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते.

*विमा कंपनीकडे:*

- दावा नाकारला तर लेखी कारण मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. गुजरातसाठीचं कार्यालय अहमदाबादला आहे, आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत.

निर्णय घेण्याआधी

मंजुरी हाती नसेल तर मोटरचा बार मागवू नका. तुमचं काम शेतातलं किंवा मुक्कामाचं असेल तर काढता येणारा १२० वॅटचा फ्लड बार, ४ चौरस मिमीची वायर, फ्यूज आणि रिले एवढ्यात ते होतं. आधीच बार बसवलेला असेल आणि परवानगी नसेल, तर पुढच्या वेळी गावाला निघण्याआधी तो उतरवून घ्या. घाटात समोरून येणारा ट्रकवाला, दुचाकीवरचे नवराबायको आणि लेकरू, हेही आपल्यासारखेच रात्री घरी निघालेले असतात. त्यांना रस्ता नीट दिसला पाहिजे, ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची आहे.